जिना चढताना दम लागतो का?

केबिनमध्ये माझी ओळख करून देण्यात आली ती अशी: "आणि ह्या आमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्या मॅडम."

दूधवाला, गॅसवाला, भंगारवाला, आणि त्याच रांगेत मी. केबिनमध्ये आम्ही चौघं होतो. ओळख करून देणारे स्वतः छातीचे मोठे डॉक्टर, हवेतली धूळ मोजणारे एक पर्यावरण अभियंते, समाजशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापक बाई, आणि मी. अभियंत्यांना 'सर' मिळालं. समाजशास्त्राच्या बाईंना 'सोशलवाल्या मॅडम' म्हटलं गेलं, तेव्हा मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते. निदान रांगेत मी एकटी नव्हते. डॉक्टरांना मात्र आजवर कोणी डॉक्टरवाले म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. माझ्या वडिलांचा कॉटन मार्केटजवळ भाजीचा ठेला होता आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे कौतुकासाठी सांगत नाही. पुढे जे झालं तो सगळा सौदा होता आणि सौदा मी त्या ठेल्यावर शिकले, म्हणून सांगते. पाठ फिरवून निघालेल्या गिऱ्हाइकाला कितव्या पावलावर हाक मारायची, हे वडिलांना बरोबर ठाऊक होतं. सातव्या. त्याआधी मारली तर ते भाव पाडतं, नंतर मारली तर शेजारच्या ठेल्यावर जातं. मी मोठेपणी गिऱ्हाईक झाले तेव्हा ती सात पावलं हळू टाकायला शिकले.

डॉक्टर लोकांशी माझी ओळख थिसिसमुळे. शहरातले पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर वर्षानुवर्षं माझ्याकडे येत आले आहेत. प्रबंध जमा करायला पंधरा दिवस उरले की एक्सेलची फाइल घेऊन दारात उभे. "मॅडम, एवढं सिग्निफिकंट करून द्या ना." जसं काही लग्नाला जायचं आहे आणि शर्टाला कडक इस्त्री मारून हवी आहे. काय मोजलं, कुणाला मोजलं, काहून मोजलं, हे विचारलं की कपाळावर आठ्या. प्रबंधाच्या पहिल्या पानावर मग देव, आईवडील, मार्गदर्शक, बायको, बायकोचे आईवडील, रुग्ण आणि टाइप करणारा, यांचे आभार असत. पानावर जागा उरली तर टाइप करणाऱ्याच्या खाली मी.

म्हणूनच मोठ्या डॉक्टरांचा फोन आला आणि त्यांनी 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द दोनदा अडखळून तिसऱ्यांदा पूर्ण केला, तेव्हा मी सावध झाले.

भानगड अशी होती. शहराबाहेर गिट्टीचे क्रशर आहेत, त्यांच्या पायथ्याशी एक गाव आहे. दगड फुटतो, धूळ गावावर बसते. त्या धुळीने माणसांच्या छातीला काय होतं, ते पाहायचं होतं. तुलनेला शहरातल्या सुखवस्तू धरमपेठेतली माणसं घ्यायची होती. निधी मिळणार होता, पण अट अशी की वेगवेगळ्या विषयांचे तज्ज्ञ पाहिजेत. डॉक्टरांनी मग सत्यनारायणाच्या सामानाची यादी करावी तशी यादी केली. एक अभियंता, एक समाजशास्त्र, एक आकडे. गावातल्या लोकांना सांगितलं होतं की तुम्ही उत्तरं द्या, त्रास आहे असं दिसलं तर जिल्ह्याची आरोग्य समिती छाती तपासणारी फिरती गाडी दर मंगळवारी गावात पाठवील. दिसलं नाही तर गाडी दुसऱ्या तालुक्यात जाईल. गाडी एकच होती.

मी डॉक्टरांना भेटायला गेले. त्यांनी चहा मागवला.

"तुमचे आभार तर मानूच, मॅडम. ठळक अक्षरात मानू."

"आभार नको, साहेब. लेखकांच्या यादीत नाव पाहिजे. तिसरं."

"तिसरं?" ते हसले. "तिसरं तर आमच्या विभागातच लागते. शेवटून दुसरं घ्या."

"शेवटून दुसरं म्हणजे कितवं?"

"ते यादी किती लांबते त्याच्यावर आहे."

"मग लांबवा यादी, अन् मले पुढून मोजा."

त्यांनी घड्याळ पाहिलं. मी पर्स उचलली आणि निघाले. केबिन लहान होती, दार सहाव्या पावलावरच आलं. म्हणून चपलेचा पट्टा नीट करायला वाकले.

"या, या, मॅडम. चिडता काहून? तिसरं तर तिसरं."

ते मी लिहून मागितलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं. अक्षर अर्थात डॉक्टरचं. तो कागद माझ्याकडे अजून आहे. मेडिकलवाल्याला दाखवला तर तो दोन प्रकारच्या गोळ्या काढून देईल.

पहिल्या बैठकीला तर्री-पोहे होते आणि भिंतीवर बॅनर होता. बॅनरवर छापलं होतं: 'अंतरविद्याशाखीय आरोग्य संशोधन'. 'आंतर'मधला काना छापणाऱ्याने खाल्ला होता.

"डॉक्टर, अंतर म्हणजे दुरावा," समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या.

"चालते हो, मॅडम. कोण वाचून राहिलं."

मग प्रत्येकाने एकेक भाषण केलं. आजचे प्रश्न एका विषयाच्या चौकटीत मावत नाहीत, आपण एकमेकांकडून शिकलं पाहिजे, यावर चौघांचं एकमत झालं. मीही बोलले, टाळ्याही घेतल्या. सहकार्य सगळ्यांना हवं होतं, फक्त दुसऱ्याचं. अभियंत्यांनी लॅपटॉपचा पडदा असा तिरपा धरला होता की तो भिंतीला दिसावा, आम्हाला नाही. धूळ मोजणारं यंत्र गावात कुठे ठेवलं, असं मी विचारलं.

"ते तांत्रिक आहे. तुमच्या विषयात येत नाही."

"ठेवलं कुठं, हे तांत्रिक?"

"सरपंचांच्या गच्चीवर," ते शेवटी म्हणाले. "तिथे प्लगची सोय आहे."

म्हणजे गाव श्वास घेत होतं खाली आणि यंत्र घेत होतं वर. मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळलं.

समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या, मी गावात जाऊन बायकांशी बोलणार, त्यांचं ऐकणार, ते सगळं लिहून तुम्हा तिघांना पाठवणार. डॉक्टर म्हणाले, "छान, छान, चहा घ्या." मी मनात म्हटलं, हे बरं आहे, गप्पा मारायच्या आणि वरून प्रोफेसर म्हणवायचं. आकड्यांशिवाय जे काही असतं त्याला मी तेव्हा गप्पाच म्हणत असे.

प्रश्नावली डॉक्टरांनी तयार आणली होती. ती प्रमाणित होती. हा शब्द ते हात जोडावेत तशा आवाजात म्हणत. एक अक्षर बदलायचं नाही, जगभर हेच प्रश्न विचारतात, आपण फक्त मराठीत केले आहेत. प्रत्येक प्रश्नापुढे दोन चौकटी, हो आणि नाही. मी विचारलं, होचा आकडा काय धरायचा? एक. नाहीचा? शून्य. झालं. प्रश्नाकडे मी पाहिलंच नाही. एक आणि शून्य मिळाल्यावर संख्याशास्त्रवाल्या बाईला आणखी काय लागतं?

नर्सिंगच्या मुली फॉर्म घेऊन गावात फिरल्या, धरमपेठेतही फिरल्या. समाजशास्त्राच्या बाई आपल्या स्कूटीने गावात जात राहिल्या. अभियंत्यांचं यंत्र गच्चीवर हवा खात राहिलं. काही आठवड्यांनी भरलेले फॉर्म माझ्याकडे आले. मी आकडे चढवले आणि कॉम्प्युटरसमोर बसून राहिले.

क्रशरच्या पायथ्याशी राहणाऱ्या गावाच्या रकान्यात शून्यांची रांग होती. दम लागण्याच्या प्रश्नाला जवळजवळ कोणीच हो म्हटलं नव्हतं. आणि जिथे लोक सकाळी ट्रॅकसूट घालून फिरायला जातात त्या धरमपेठेत दमलेली माणसं ढिगाने.

बैठक बोलावली. डॉक्टर आधी जरा दचकले, मग खुलले. "ग्रामीण माणूस काटक असते, मॅडम. छातीले सवय होऊन जाते. यावर एक वेगळा पेपर होऊ शकते." अभियंते म्हणाले, गिट्टीची धूळ जाडी असते, ती नाकातच अडकत असेल. त्यांनाही एक पेपर दिसायला लागला. समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "मी काही पानं पाठवली होती, ती कोणी वाचली का?"

"हो हो, छान आहेत," डॉक्टर म्हणाले.

"छान," अभियंते म्हणाले.

मीही मान हलवली.

महिनाअखेर अहवाल समितीकडे जाणार होता. त्रास नाही, असा अहवाल. घरी येऊन मी तो रकाना पुन्हा उघडला. मला आयुष्यात पहिल्यांदा अशी वांग्यांची टोपली दिसत होती की जिच्यात एकालाही कीड नाही. वडील अशी टोपली पाहिली की खालचा थर उचलून पाहत. मी प्रश्नावलीचा कोरा फॉर्म काढला आणि पहिल्यांदाच प्रश्न वाचले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकून गावात गेले.

गावाच्या तोंडाशीच एक मावशी भेटली. क्रशरवर तिने खूप वर्षं घमेल्याने गिट्टी भरली होती, आता घरीच असते. तिच्या दारात आणखी दोघी-तिघी बसल्या होत्या. कडुलिंबाची पानंसुद्धा पीठ चाळल्यासारखी पांढुरकी. मी फॉर्म काढला.

"मावशी, त्या नर्सिंगच्या पोरी आल्या होत्या ना? त्यांना तुम्ही दम लागत नाही म्हणून सांगितलं?"

"हाव. म्हने, जिना चढताना दम लागते का? म्या म्हटलं, नाही लागत."

"काहून?"

"काहून म्हनजे?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्या पोरींची हेडमास्तरीण. "माह्या घराले जिना हाय का वं? पाह्य ना तूच. पुऱ्या गावात जिना एकच, सरपंचाचा. त्याच्यावर तुमच्या साहेबानं डबा नेऊन ठेवला. मी कायले चढू?"

"चढून पाह्य ना वं एकदा," शेजारीण म्हणाली. "सरपंचीन चहा देईन!"

"चहा देईन का खराटा देईन, ते तुले मालूम."

सगळ्या हसल्या. हसता हसता दोघींना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. मी दुसरा प्रश्न वाचला. सपाट जागेवर आपल्या वयाच्या लोकांबरोबर चालताना तुम्ही मागे पडता का?

"मागं कायले पडू?" मावशी म्हणाली. "आमी साऱ्याजनी संगंच बसतो."

"बसता? कुठं बसता?"

"पानी आनताना. नळापासून घरापर्यंत तीन जागी. लिंबाखाली, मंग पाराशी, मंग बंद चक्कीपाशी. पान्याचा गुंड खाली ठेवतो, बसतो, मंग उचलतो."

"काहून बसता?"

"दम भरते म्हनून! तुले येवढं बी समजत नाही, अन् तू मास्तरीन?"

मी नळापासून तिच्या घरापर्यंत चालून पाहिलं. आमच्या कॉलेजच्या गेटपासून स्टाफरूमपर्यंत असेल, तेवढंच. तिन्ही जागी बसायला दगड होते. बसून बसून त्यांना तुकतुकी आली होती.

म्हणजे धरमपेठेत लिफ्ट बंद पडली की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू हो म्हणतात, आणि इथे भरलेला गुंड घेऊन तीनदा बसणारी मावशी नाही म्हणते. कारण प्रश्न जिन्याचा. आणि सगळं गावच दमलेलं असलं की कोणी कोणाच्या मागे पडत नाही. दोन्ही उत्तरं शंभर टक्के खरी होती. आम्ही त्या खऱ्या उत्तरांची बेरीज करून खोटं काढलं होतं, आणि बेरीज माझी होती.

मी तिथूनच समाजशास्त्राच्या बाईंना फोन केला. धापा टाकत, घाईघाईत, मोठा शोध लागल्यासारखं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पान सतरा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"माझ्या टिपणांचं पान सतरा. तिन्ही दगड आहेत. नकाशाही काढला आहे. तुम्हाला पाठवलं होतं. तुम्ही ग्रुपवर अंगठा दाखवला होता."

मी त्यातल्याच एका दगडावर टेकले.

"बाकी दोघांचं मला काही वाटलं नाही," त्या म्हणाल्या. "पण वाटलं होतं, तुम्ही तरी वाचाल. आपण दोघी एकाच आडनावाच्या ना. वाल्या."

मी रात्रीपर्यंत थांबले नाही, बसथांब्यावर उभ्या उभ्या मोबाइलवर ती फाइल उघडली. गप्पा नव्हत्या त्या. कोण कुठे बसतं, किती वेळ बसतं, पूर्वी कुठपर्यंत न बसता जायची, दम्याचं नाव काढलं तर मुलीची सोयरीक मोडेल म्हणून कोण गप्प राहतं, सगळं नीट लिहिलं होतं. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याने इतकी चांगली नोंद कधी केली नाही. मीही केली नाही.

दोनच दिवसांत मी बैठक मागितली. पुन्हा तर्री-पोहे आले, कारण आमच्याकडे गंभीर काहीही त्याशिवाय सुरू होत नाही. मी सगळं सांगितलं. दोन प्रश्न बदलून गावात पुन्हा विचारा, एवढंच मागणं.

डॉक्टर म्हणाले, "मॅडम, प्रश्नावली प्रमाणित आहे. जगभर चालते."

"जगभर जिने असतील, साहेब. इथं नाही."

"असं एकेका गावासाठी बदलत बसलो तर विज्ञान होत नाही, ते किस्से होतात. तुम्ही आकडे बघा. छाती आम्ही बघतो."

इथे माझं डोकं फिरलं. ते फिरलं की माझी प्रमाण मराठी सुटते.

"पाहिली काहून नाही मंग? त्या गावात एकाच्या तरी छातीले नळी लावली का तुम्ही? सर्व्हेच्या उद्घाटनाच्या दिवशी गेले, नारळ फोडला, अन् गाडीची काच वर करून आले. धूळ येऊन राहिली होती म्हणून!" मी टेबलावर हात आपटला. तर्रीची वाटी उडाली आणि अभियंत्यांच्या आलेखावर लाल तवंग पसरला.

"हे काय, मॅडम!" ते रुमालाने आलेख टिपत म्हणाले. "यात माझा काय संबंध? हा माझ्या विषयाचा भागच नाही."

"कोणाच्याच विषयाचा नाही," समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या. "म्हणून तर ती गाडी दुसऱ्या तालुक्यात चालली."

मी पर्स उचलली आणि निघाले. हा हॉल मोठा होता, सात पावलं ऐसपैस बसत होती. सहा झाली, सात झाली, दार आलं, दाराबाहेर व्हरांडा आला. हाक आली नाही. व्हरांड्यात आग विझवायचा लाल सिलिंडर टांगलेला होता. त्याच्यावरच्या सूचना मी मराठीत वाचल्या, हिंदीत वाचल्या. मग परत आत गेले. तोपर्यंत कोणी माझे पोहे झाकूनही ठेवले नव्हते.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. एकटं बोलायला लागले की ते बरे असतात. खरं सांगायचं तर जिन्याचं त्यांना पटलं होतं. अडचण दुसरीच होती. प्रश्न बदलायचे तर एथिक्स कमिटीची मंजुरी हवी, आणि तिचे अध्यक्ष त्यांच्याच विभागातले ज्येष्ठ. ते रुसले होते, कारण आंतरविद्याशाखीय यादीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांना यादीत घेतलं तर सही दोन दिवसांत. न घेतलं तर पुढच्या त्रैमासिक बैठकीत, म्हणजे गाडी गेल्यावर.

"मग घ्या ना यादीत."

"फॉर्ममध्ये लेखकांचे रकाने पाचच आहेत, मॅडम."

पहिलं नाव डॉक्टरांचं. दुसरं अभियंत्यांचं, कारण यंत्र त्यांच्या संस्थेचं. तिसरं माझं. चौथं डॉक्टरांच्या सहायकाचं, जो माझ्या माहितीप्रमाणे पोहे मागवायचं काम करत होता, पण त्याच्याशिवाय डॉक्टरांची ओपीडी चालत नव्हती. पाचवं समाजशास्त्राच्या बाईंचं.

"एक करता येते," डॉक्टर हळूच म्हणाले. "सोशलवाल्या मॅडमचं नाव काढू. त्यांचं तसंही काय काम? तिथं तुम्ही या. तिसऱ्यावर आमचे अध्यक्ष सर बसतील. सर काही चौथ्या-पाचव्या जागी बसणारे नाहीत."

मी विचार केला. खोटं कशाला सांगू, चांगला मिनिटभर केला. पाचवं का होईना, छापील नाव. प्रबंधांच्या मागच्या अंगणात इतकी वर्षं काढल्यावर माजघरात पाट मांडून मिळत होता. टाइप करणाऱ्याच्या खालून मी निघाले होते ती इथे पोचायला. हॉलच्या काचेतून समाजशास्त्राच्या बाई दिसत होत्या. टेबलावर सांडलेली तर्री त्या वर्तमानपत्राने पुसत होत्या.

"त्यांचं नाव राहील," मी म्हटलं. "माझं काढा."

डॉक्टरांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचे आभार ठळक अक्षरात..."

"ते राहू द्या. आता भाव ऐका."

आणि मी मोजून घेतलं. सही दोन दिवसांत. नवे प्रश्न समाजशास्त्राच्या बाई लिहिणार, त्यात कोणी प्रमाणित शब्द घुसडणार नाही. गावातल्या प्रत्येक घरी पुन्हा विचारायचं. आणि डॉक्टरांनी स्वतः नळी घेऊन गावात एक पूर्ण दिवस बसायचं. शेवटच्या अटीवर ते अर्ध्या दिवसावर आले. मी पुन्हा पर्स उचलली. या वेळी तिसऱ्याच पावलावर हाक आली.

सही एका दिवसात झाली. नवा प्रश्न साधा होता: पाणी किंवा ओझं आणताना वाटेत बसावं लागतं का, कुठे कुठे? शून्यांच्या रांगेत एकामागून एक एके उभे राहिले. डॉक्टर गावात दिवसभर बसले. संध्याकाळी त्यांचा पांढरा शर्ट भुरका झाला होता आणि ते नेहमीपेक्षा कमी बोलत होते. एवढं त्यांच्या बाजूने लिहिते.

समितीपुढे त्यांनी फार सुंदर भाषण केलं. स्थानिक संदर्भानुसार प्रश्नावलीत बदल करण्याची गरज आमच्या आंतरविद्याशाखीय दृष्टीमुळेच लक्षात आली, असं म्हणाले. शब्द एकदाही अडखळला नाही. तिसऱ्या नावाचे ज्येष्ठ पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या संपल्यावर त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, "गाव कोणतं म्हटलं यांनी?" अहवालाच्या शेवटच्या पानावर माझे आभार होते. ठळक अक्षरात नव्हते. 'डेटा एंट्रीच्या सहकार्याबद्दल' असं होतं. ते वाचून मी घरी दोन कप फोडले. त्यातला एक आधीच तडकलेला होता.

गाडी मंजूर झाली. पहिल्या मंगळवारी मी गावात गेले. पाराजवळ पांढरी गाडी उभी होती आणि तिच्यामागे बायकांची रांग. मावशी तिसरी होती. आत तंत्रज्ञाने तिला नळीत फुंकायला सांगितलं. तिने फुंकलं, पुन्हा फुंकलं, तिसऱ्यांदा फुंकताना डोळ्यांत पाणी आलं. त्याने तिला औषधं दिली, कसा पंप ओढायचा ते दाखवलं आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा ये म्हणाला. ती बाहेर येऊन माझ्याजवळ टेकली.

"आता येऊन राहीन ना वं गाडी? दर मंगळवारी?"

"येईल ना, मावशी."

"कागदावर हाय का?"

इतकी वर्षं सौदे केले, पण हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी ड्रायव्हरकडे गेले. त्याच्याकडे आदेशाची प्रत होती. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: प्रायोगिक तत्त्वावर, तीन महिन्यांसाठी. मी ते तिला वाचून दाखवलं.

"तीन महिन्यांत माहा दम जाईन का?"

"नाही."

"मंग हे काय लिहून आनलं तू? जाय, नीट लिहून आन."

बाकीच्या बायका माझ्याकडे पाहत होत्या. समितीला मुदत वाढवायला डॉक्टरांचंच पत्र लागणार होतं. पुढच्या सौद्याला माझ्याकडे द्यायला काही नव्हतं. नाव गेलं होतं, अहवाल छापून झाला होता, आकडे त्यांच्याकडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी समाजशास्त्राच्या बाईंना बरोबर घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. केबिनबाहेरचा माणूस नवीन होता, तो आम्हाला ओळखेना. ओपीडीच्या खिडकीवर जा म्हणाला. आमच्यापुढे बाकांवर तीसेक माणसं होती आणि सगळी खोकत होती.

खिडकीतल्या माणसाने वर न पाहता विचारलं, "नवीन केस का जुनी?"

"जुनी," मी म्हटलं, आणि दोन टोकनं घेतली.